तुटका, तुटलेला, तोडलेला

(नगरच्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे, कुठं कुठं वाक्य सरळ केलं एवढंच.)



शिबिरवाल्यांनी मला कविता वाचायला बोलावलं. कविता आज वाचणार नाही. आज शब्दांवर बोलणार आहे. कवितेत मी ते वापरतो, पण त्यांच्याकडं धड बघायला सवड मिळत नाही.

मी दहावी पास. गोदीत हमाली करतो. कुठल्या गोदीत ते सोडा, पाठ सगळ्या गोद्यांत सारखीच दुखते. भाषेवर बोलायचा तुझा अधिकार काय, असं कोणी प्राध्यापक विचारील. माझा अधिकार एवढाच, की मी वाढलो त्या घरात धड वस्तू एकही नव्हती. मोडक्यातोडक्याचे शब्द मला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

आमच्या आजीकडं त्या शब्दांची थैलीच होती. दोरी तुटते. मडकं फुटतं. बाजेचा पाय मोडतो. लुगडं फाटतं, त्याची शिवण उसवते, आणि धुऊन धुऊन ते विरतं. विरलेलं लुगडं फाटलेलं नसतं, पण त्याला टाका धरत नाही. बांबू पिचतो. जर्मनचं पातेलं चेपतं. पितळेची कल्हई गेली की त्यातलं ताक कळकतं. लोखंड गंजतं, विळा बोथट होतो, जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावावी लागते. दूध नासतं, डाळ विटते, लाकूड किडतं. भिंत आधी भेगाळते, मग खचते, मग ढासळते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. आजीला कोणी सांगितलं असतं की दोरी फुटली, तर ती तोंडाला पदर लावून हसली असती.

इतके शब्द कशाला लागतात? ज्याच्या खिशात नवं घ्यायला पैसा आहे त्याला 'खराब झालं' एवढ्यावर भागतं. खराब झालं, टाकून दे, दुसरं आण. ज्याला तीच वस्तू उद्या वापरायचीय त्याला नेमकं काय बिघडलंय ते कळावं लागतं. उसवलं असेल तर टाका. फाटलं असेल तर ठिगळ. विरलं असेल तर गोधडीच्या पोटात. शब्द चुकला तर दुरुस्ती चुकते. हे शब्द गरिबाची हत्यारं आहेत.

आता एका कपाची गोष्ट सांगतो.

आमचं गाव प्रवरेकाठी. गावात एक हॉटेल होतं. आत बाकडी आणि पांढऱ्या कपबश्या. बाहेरच्या भिंतीला एक कोनाडा, त्यात एक कप. त्याला कान नव्हता. माझा आजा तो कप कोनाड्यातून काढायचा, स्वतः विसळायचा, हातात धरून उभा राहायचा. मालक वरून चहा ओतायचा. पिऊन झाला की पुन्हा विसळून कोनाड्यात. पैसे मात्र आतल्या माणसाइतकेच. आमच्या घरात त्याला नाव होतं, फुटक्या कपाचा च्या.

एकदा तो कप आजाच्या हातातून निसटला आणि पार फुटला. दुसऱ्या दिवशी आजा गेला तेव्हा मालकानं बाजारातून नवा डझन आणलेला. त्यातला एक कप त्यानं उचलला. तराजूतलं वजन घेतलं. कपाच्या कानावर एक टोला हाणला. कान तुटून खाली पडला. मग तो कप त्यानं बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. धड कप ठेवला असता तर चुकून आतल्या कपांत मिसळायचा.

आजा म्हणायचा, "पोरा, तवर मला वाटायचं आपल्याला फुटका कप देत्यात. त्या दिशी कळलं, कप फुटका नव्हताच. आपल्यासाठी फोडला."

मित्रांनो, माझं सगळं भाषण आजाच्या या एका वाक्यात आहे. तुम्हाला घाई असेल तर इथंच उठून गेलात तरी चालेल.

बसलेत त्यांच्यासाठी पुढं बोलतो. तीन शब्द बघा. फुटका कप. फुटलेला कप. फोडलेला कप. कप एकच. पण 'फुटका' म्हटलं की वाटतं त्याची जातच तशी, तो भट्टीतूनच तसा निघाला. 'फुटलेला' म्हटलं की कबूल होतं, एक दिवस तो धड होता. आणि 'फोडलेला' म्हटलं की वजन धरलेला हात दिसतो. तुटका, तुटलेला, तोडलेला. फाटका, फाटलेला, फाडलेला. पहिल्या शब्दात स्वभाव आहे, दुसऱ्यात घटना आहे, तिसऱ्यात गुन्हेगार आहे.

शाळेत मास्तर याला अकर्मक आणि सकर्मक म्हणायचे. तुटणे, तोडणे. जळणे, जाळणे. पडणे, पाडणे. मरणे, मारणे. सुटणे, सोडणे. मी ते मार्कांसाठी पाठ केलं. त्याच्यावर माणसांची आयुष्यं टांगलेली असतात हे फार उशिरा कळलं.

पेपर उघडा. 'वस्तीतील घरे जळाली.' घरं काय कापूर आहेत? 'दगडफेकीत डोकी फुटली.' 'अतिक्रमणे हटली.' डोकं फुटलं, घर जळालं, पोरगं मेलं. सगळीकडं झालं, झालं, झालं. केलं कोणी?

आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो. जिल्ह्याचं नाव 2024 पासून कागदावर अहिल्यानगर झालंय, पण जामखेड तिथंच आहे आणि खर्डाही तिथंच आहे. 28 एप्रिल 2014 ला खर्ड्यात शाळेत शिकणाऱ्या 17 वर्षांच्या आपल्या पोराचा खून झाला. गावातल्या वरच्या जातीच्या मुलीशी त्याचं बोलणं होतं असा संशय, एवढं कारण. महाराष्ट्र हादरला. मोर्चे निघाले. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार उलटले होते. मराठीत याला आपण काय म्हणतो? साक्षीदार फुटले.

फुटले! साक्षीदार काय मडकं आहे आपणहून फुटायला? माणूस त्याच गावात राहतो. त्याच रानात मजुरीला जातो. त्याच दुकानातून उधारीवर मीठ आणतो. असा माणूस कोर्टात फुटतो तेव्हा त्याच्या पाठीवर कशाकशाचा दाब असतो, हे त्या शब्दात येत नाही. कोर्टानं पुरावा बघायचा असतो, तो पुरला नाही. ठीक. पण पोरगा मेला हे तर खरं? मग मराठीत वाक्य काय उरलं? पोरगा मेला, साक्षीदार फुटले, आरोपी सुटले. तीन क्रियापदं, आणि तिन्हींत करणारा कोणी नाही. जणू खर्ड्यात त्या दिवशी वारा सुटला होता.

आता दुसरी गोष्ट. मोडलेल्या वस्तूला मान द्यायचा असेल तर मराठीला तो देता येतो. नारळ आपण फोडतो, पण देवापुढं म्हणतात नारळ वाढवला. बांगडी पिचली तर सवाष्ण म्हणते वाढवली. देवळाला म्हणतात जीर्ण, मूर्तीला खंडित, शिल्पाला भग्न. संस्कृत शब्दांची शालच पांघरतात. आमच्या घराला म्हणतात पडकं.

नेवाशाला जा. ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले म्हणतात तो पैसाचा खांब तिथं आहे. मूळ देऊळ गेलं, खांब उरला. त्या उरलेल्या खांबाभोवती नवं देऊळ उभं राहिलं. संगमनेर तालुक्यात जोर्वे गाव आहे. 1950-51 मध्ये डेक्कन कॉलेजचे सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं खणलं. तांबड्या रंगाची, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहून जुनी. त्या खापरांवरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव पडलं, जोर्वे संस्कृती. खापरं धुतली, त्यांच्यावर नंबर घातले, जुळवून भांडी उभी केली. चांगलं केलं. माझा त्याला विरोध नाही. मी एवढंच म्हणतो की तुटक्याकडं कसं बघायचं हे या देशाला येतं. खापराचा तुकडा हातात घेऊन हा कुठल्या भांड्याचा, कधी फुटला, कशानं फुटला, हे सगळं विचारता येतं. माणसाच्या बाबतीतच जीभ अडखळते.

चोखोबाचं बघा. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला महारांना वेठीला धरलं होतं. भिंत ढासळली आणि चोखोबा तिच्याखाली गाडला गेला. साल 1338 सांगतात. पुढं नामदेवानं हाडं शोधली. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची, अशी कथा आहे. ती हाडं पंढरपुरात महाद्वारापाशी पुरली. भक्तीची कथा म्हणून लोक ऐकतात आणि रडतात. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. त्याच भिंतीखालच्या बाकीच्या हाडांचं काय झालं? आणि ज्या गावकुसाच्या आत राहायची त्यांना बंदी होती, ते बांधायला त्यांना तिथं उभं कोणी केलं? कथेत फक्त 'भिंत ढासळली' आहे.

उलटाही प्रकार असतो. वस्तू धडधाकट असते आणि हे म्हणतात मोडली. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले. पाण्याला काय तडा जातो? पाणी काय उसवतं? तरी गाव म्हणालं, तळं बाटलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्र म्हटले, आणि तळं 'दुरुस्त' झालं. बाटणे हा मराठीतला एकच शब्द असा आहे की ज्यात काही न बिघडता सगळं बिघडतं. आणि तिथं मात्र करणारा लगेच सापडतो. कोणी बाटवलं? यांनी! त्यांचा कप फुटला तर आपोआप फुटतो. आमचा हात लागला तर आम्ही बाटवतो.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. गोण फाटली की तो नुसतं 'फाटली' लिहीत नाही. हूक लागून फाटली, शिवण उसवली, तोंड सुटलं, पाण्यानं भिजली, आधीपासूनच फाटकी आली. लोखंडाच्या बंडलाला गंज किती, पट्टी तुटली का, कोपरा वाकला का, सगळं लिहितो. कारण त्या शब्दावर पैसा ठरतो. नुकसान जहाजात झालं, गोदीत झालं, की गाडीवर चढवताना, यावर विम्याचे दावे चालतात. मालाच्या बाबतीत कोणी म्हणत नाही की आपोआप झालं.

माझ्याबरोबर एक गडी होता. कंत्राटी, माझ्यासारखाच. झोळीतून बंडल घसरलं आणि त्याच्या पावलावर आलं. त्या दिवशीच्या बंडलाचा शेरा मी डोळ्यांनी वाचला. स्लिंग सरकल्यानं एक बंडल पडलं, दोन पट्ट्या तुटल्या, एक कड वाकली. आणि गड्याचा शेरा? 'पायाला इजा झाली.' संपलं. कशानं झाली नाही, कुठं झाली नाही, कामावर असताना झाली एवढंही नाही. भरपाई मागायची तर याच गोष्टी लागतात. पुढं त्याच्या नावापुढं एकच शब्द लागला, 'अनफिट'. बंडलाला एक अख्खी ओळ, माणसाला एक शब्द. तो गावी गेला. आता लंगडा म्हणून ओळखतात त्याला. लंगडा, म्हंजे पुन्हा तेच, जसा काही जन्मापासूनच.

हे नवं नाही. 14 एप्रिल 1944, बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज फुटलं. त्यात दारूगोळा होता, कापूस होता आणि सोनंही होतं. सोन्याच्या विटा किती ते नक्की माहीत आहे, 124. माणसं किती मेली? 800 ते 1300 असा आकडा सांगतात. विटा मोजल्या होत्या. हमालांची मोजदाद कोण ठेवतो!

आता ज्या शब्दापाशी यायचं होतं तिथं येतो. दलित.

मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी कोशात, जो 1831 साली निघाला, हा शब्द आहे. अर्थ दिलाय दळलेलं, तुकडे झालेलं. तेव्हा तो धान्याचा, वस्तूंचा शब्द होता. पंडित सांगतील की संस्कृतात दल् म्हणजे आपणहून चिरणंसुद्धा होतं. असेल. माझी आई पहाटे जात्यावर दळायची. दाणे आपणहून दळले गेलेले मी कधी बघितले नाहीत. वर खुंटा लागतो, खुंट्याला हात लागतो.

बाबासाहेबांनी 1948 च्या त्यांच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात हाच प्रश्न धरला. त्यांनी म्हटलं की टोळ्यांच्या लढायांत हरलेल्या टोळ्यांची फाटाफूट झाली, त्यांतली पांगलेली माणसं स्थिर झालेल्या गावांच्या वेशीबाहेर राखणीला राहिली. त्यांना बाबासाहेब इंग्रजीत ब्रोकन मेन म्हणतात. पुढं त्यांनी बौद्ध धर्म सोडला नाही, मेलेल्या गाईचं मांस सोडलं नाही, म्हणून त्यांना अस्पृश्य ठरवलं. इतिहासकारांनी त्यावर वाद घालावा. मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. चातुर्वर्ण्य सांगत होतं की हे जन्मानंच फुटके. बाबासाहेबांनी विचारलं, कधी फुटले? कशानं? कोणी फोडले? फुटक्याला त्यांनी फोडलेला केलं. मग 1972 ला मुंबईत पँथर उभी राहिली आणि 1973 च्या जाहीरनाम्यात तिनं त्या शब्दात भूमिहीन, कामगार, आदिवासी, स्त्रिया सगळ्यांना घेतलं. म्हंजे एकाच जात्यात दळले जाणारे सगळे.

ऑगस्ट 2018 मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना सूचना केली की दलित शब्द टाळावा, अनुसूचित जाती म्हणावं. अनुसूचित म्हंजे यादीत घातलेला. यादीत घातला, बरं. पण मोडला कोणी? त्या शब्दात तडाही नाही आणि हातही नाही.

पण एक प्रश्न सरकारचा नाही, घरचा आहे. माझी थोरली बहीण मला म्हणते, "दादा, 1956 ला बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाच्या पदरात घातलं. आपण बौद्ध. पुन्हा पुन्हा स्वतःला मोडकं कशाला म्हणवून घ्यायचं? माझ्या लेकरांना मी हा शब्द शिकवणार न्हाई." मित्रांनो, मी तिच्याशी वर्षभर भांडलो. आता भांडत नाही. कारण तिचं निम्मं खरं आहे. दलित म्हंजे तुटका, बिचारा, कीव करावी असा, या अर्थानं कोणी आपल्याला दलित म्हणत असेल, तर तो शब्द त्याच्या तोंडावर परत फेका. मंत्र्याच्या भाषणात तो असाच येतो. दलित बांधव, गोरगरीब, असा. त्यात कोनाड्यातल्या कपाचा वास येतो.

पण मी तिला एवढंच सांगितलं, ताई, बौद्ध हे आपण जे झालो त्याचं नाव. दलित हे आपल्याला जे केलं गेलं त्याचं नाव. पहिलं नाव लेकरांना नक्की दे. दुसरं पुसलंस तर टोला मारणारा हातही त्याच्याबरोबर पुसला जाईल. ती काही बोलली नाही. तिनं मला चहा दिला. चांगल्या कपात.

मग करायचं काय? मी कामाचं सांगतो, नुसतं भाषण करून जात नाही.

तुम्ही शिकलेले आहात. उद्या वस्तीत काही झालं तर ठाण्यात तुम्हीच जाणार. फिर्याद लिहिली जाताना प्रत्येक क्रियापद तपासा. 'घर पडले' लिहिलं तर थांबवा, 'पाडले' लिहायला लावा, कोणी ते नावानिशी सांगा. 'नुकसान झाले' नको, 'नुकसान केले'. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 मध्ये 2015 च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहिलंय की तोंडी फिर्याद लिहून घेतली की सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम 173 मध्ये फिर्यादीची प्रत फुकट मिळायची तरतूद आहे. प्रत घ्या. बाहेर दिव्याखाली उभं राहून वाचा. 'झाले' दिसलं की परत आत जा.

पण एक सांभाळा. ज्यानं केलं त्याचंच नाव लिहा. पाहिलं तेवढंच लिहा. खोटा कर्ता घुसवला तर खराही सुटतो.

आणि जे कविता लिहितात त्यांना. आपल्या कवितांत फुटकं, तुटकं, फाटकं फार झालंय. माझ्याही. फाटकं आभाळ, फुटकं नशीब, मोडकी वस्ती. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. एकदा 'फाडलेलं' लिहून बघा. मग पान उलटण्याआधी तो स्वतःचे हात बघेल.

आजा गेला. कोनाडा बुजवलाय, हॉटेलही आता पाडलंय. मी मुद्दाम पाडलंय म्हणालो. मालकाच्या नातवानं पाडलं, नवं बांधायला. बघा, त्यांच्या घरचं मोडताना करणाऱ्याचं नाव किती सहज येतं तोंडात. आपल्या घरचं मोडलं तरी तितक्याच सहज यायला पाहिजे.

जयभीम.